अळणी पेज

जितेश घरतच्या रक्तात मीठ किती आहे, हे त्या आठवड्यात अख्ख्या खारबेडी गावाला पाठ होतं. पनवेलला दिलेल्या बहिणीला पाठ होतं, दुबईतल्या चुलतभावाला पाठ होतं, गावच्या क्रिकेट संघातल्या पोरांना तर स्कोअरसारखं पाठ होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त जितेशला. तो जिल्ह्याच्या रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर खाटेला खिळून होता आणि वरच्या पंख्याकडे बघत "दोन बॉल, दोन बॉल" असं काहीतरी पुटपुटत होता.

"एकशे नऊ," वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेली त्याची बायको दर्शना फोनवर नणंदेला सांगत होती. "सकाळी एकशे आठ होता ना ताई, आता नऊ. चढलाय."

"एकच?" पलीकडून आवाज आला. "आगं, माज्या शेजारनीच्या दिराचा एका दिवसान सहा चढलेला!"

दर्शनाने "बघू" म्हटलं आणि फोन कानापासून काढून डोळ्यांसमोर धरला. पडद्यावर लाल अक्षरांत १०९ होतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: योग्य पातळी १३५ ते १४५. तिने पडदा अंगठ्याने खाली ओढून सोडला. एकशे नऊच. पुन्हा ओढला. विहिरीला पाणी येईना म्हणून कोणी पोहरा सोडत राहावं, तसं तिचं गेले दोन दिवस चाललं होतं.

आता थोडं शास्त्र सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं जादूटोण्यासारखं वाटेल. दोनेक वर्षांपूर्वी खाडीकाठच्या गावांतून एक नवा ताप निघाला. शास्त्रज्ञांनी त्या विषाणूला अक्षरं आणि आकडे जोडून लांबलचक नाव दिलं, लोकांनी सरळ खाडीताप म्हटलं आणि मोकळे झाले. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. अंगात पाणी किती राखायचं आणि लघवीवाटे किती सोडायचं, हे तिथून सुटणारं एक संप्रेरक ठरवतं. हा विषाणू नेमका त्या जागी जाऊन बसतो. कुणाच्या अंगात ते संप्रेरक उतू जातं, मग शरीर पाण्याचा थेंबही सोडत नाही आणि रक्तातलं सोडियम, म्हणजे आपल्या घरातल्या मिठाचाच अर्धा भाग, पातळ होत जातं. कुणाच्या अंगात ते आटतं, मग सगळं पाणी निघून जातं आणि सोडियम भडकतं. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात: माणूस बरळतो, झटके येतात, बेशुद्ध होतो.

यावर 'समतोल' नावाचं यंत्र आलं. गळ्याच्या हाडाखाली कातडीत तांदळाच्या दाण्याएवढा संवेदक खोचायचा आणि खाटेच्या कडेला डब्याएवढा पंप लावायचा. संवेदक दर मिनिटाला रक्तातलं सोडियम मोजतो आणि पंप त्याप्रमाणे खारं किंवा गोडं पाणी थेंबाथेंबाने शिरेत सोडतो. कामात चोख, झोप नाही, चहा नाही, रजा नाही. सरकारने कौतुकाने आणखी एक केलं. रुग्णाच्या नातेवाइकांना तो आकडा घरबसल्या बघण्याचा हक्क दिला. हक्क मिळाला, पण त्या आकड्याचं करायचं काय, ते कोणी सांगितलं नाही.

जितेशने पहिले तीन-चार दिवस ताप अंगावर काढला होता. खारबेडीतली शेवटची दोन मिठागरं घरतांची. शहरातली हॉटेलं आता हाताने काढलेल्या मिठाला चांगला भाव देत होती, आणि मीठ धरायच्या दिवसांत तापाबिपाला फुरसत कोणाला? त्यात संध्याकाळी गावोगावच्या सामन्यांना तो आगरीतून कॉमेंटरी करायचा. बोलण्यात त्याचा हात धरणारा त्या पट्ट्यात कोणी नव्हता. फलंदाज बाद झाला की हा असं काही बोलायचा की बाद झालेला हसत हसत बाहेर यायचा. एका संध्याकाळी तो माईकवर दोन्ही संघांची नावं विसरला. लोकांना वाटलं, मस्करी करतोय.

डॉ. सुमेधा खोत तीन रुग्णालयांचे वॉर्ड बघायच्या. दोन पडद्यावरून, आणि हा स्वतः येऊन. पहिल्याच दिवशी त्यांनी दर्शनाला आणि तिच्या सासूला समोर बसवून समजावलं.

"एक नीट लक्षात घ्या. यांच्या अंगातलं मीठ कमी झालेलं नाही. पाणी वाढलंय. म्हणून आम्ही पाणी तोलून देतोय."

"मंग मीठ घाला," सासू म्हणाली. मंदाबाई घरत हयातभर मिठागरावर राबलेली बाई. तिच्या तळपायांना अजून चिरा होत्या. "पेज पातल झाली तं आपुन मीठच घालतो ना?"

डॉक्टर हसल्या नाहीत. "आजी, कैरीच्या फोडींना मीठ लावलं की काय होतं?"

"पानी सुटतं."

"फोडी सुरकुततात. बरोबर? मेंदूचंही तसंच. बाहेर मीठ कमी झालं तेव्हा मेंदूच्या पेशींत पाणी शिरलं, त्या फुगल्या. फुगून मरू नये म्हणून त्यांनी स्वतःजवळचे क्षार बाहेर टाकले आणि कशाबशा सावरल्या. आता आपण बाहेर एकदम मीठ वाढवलं, तर त्यांच्यातलं पाणी ओढलं जाईल. मज्जातंतूंवर वायरीला असतं तसं एक वेष्टण असतं, ते सोलून निघतं. मग माणूस जिवंत राहतो, पण हात हलत नाही, जीभ हलत नाही. म्हणून दिवसाला आठ. आठच्या वर एक नाही. यंत्राला तसं कुलूपच आहे, मी म्हटलं तरी ते ऐकणार नाही."

दर्शना बी.कॉम. झालेली होती, मिठाची ऑनलाइन विक्री तीच सांभाळायची. तिला सगळं समजलं. मंदाबाईलाही समजलं. पण समजणं आणि सोसणं यांचा काडीचाही संबंध नसतो.

"मिठागरवाल्याच्या पोऱ्याला मीठ कमी," बाहेर आल्यावर ती म्हणाली. "घरान गोनी भरलेल्या हाव नं मी हितं हात बांधून बसलीय."

शेजारच्या खाटेवर पेडणेकर नावाच्या निवृत्त पोस्टमास्तरांची बायको होती. तिचं उलटं होतं. एकशे बासष्ट. पेडणेकरकाका बाकावर दर्शनाच्या बाजूला बसायचे आणि दोघं आपापले फोन धरून एकमेकांना आकडे सांगायचे.

"आमची जास्त, तुमची कमी," काका एकदा म्हणाले. "दोघांना एका पातेल्यात घालून सारखं वाटता आलं असतं तर डॉक्टरांची गरजच नव्हती." मग स्वतःच ओशाळून चष्मा पुसत बसले. दर्शनाला हसू आलं आणि हसल्याची लाजही वाटली.

वॉर्डात सगळ्यांचं असंच होतं. कोणी कोणाला "पेशंट कसा आहे" विचारत नसे, "किती?" एवढंच विचारत. आकडा सुधारला की चहा, बिघडला की देवाला फोन. पूर्वी माणूस डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघून काय ते ओळखायचा आणि दोन फेऱ्यांच्या मधे निदान जेवायचा, झोपायचा. आता मधे काही उरलंच नव्हतं. दर मिनिटाला नवा निकाल आणि दर मिनिटाला हातावर हात. त्यात फोनवरचे सल्लागार होतेच. दुबईच्या भावाने तर आलेख काढून पाठवला आणि वर विचारलं, "वहिनी, तुम्ही तिथे बसून करताय काय?" दर्शनाने फोन पालथा ठेवला आणि डोळे पुसले. खरंच, ती काय करत होती?

एकच काम त्यांच्या हातात होतं, पेजेचं. जितेश रुग्णालयाचं जेवण थुंकून टाकायचा, पण आईने वाटी ओठाला लावली की निमूट प्यायचा. म्हणून रेश्मा सिस्टरने परवानगी काढली होती. नातेवाइकांसाठी खाली स्वयंपाकघर होतं, तिथे मंदाबाईने तांदळाची पेज करायची, मिठाचा कण न घालता. वर आणली की सिस्टर वाटी काट्यावर ठेवायची, वजन यंत्राला कळवायची, आणि मग पाजायची. अळणी पेज करताना मंदाबाईचा जीव जायचा. "मेल्या मानसाला ठेवतात अशी," ती पातेल्यात बघत म्हणायची.

एका सकाळी पेडणेकरकाका बाकावर नव्हते. त्यांच्या बायकोचा आकडा अगदी शिस्तीत, यंत्राने ठरवलेल्या चालीने उतरत होता. एकशे बावन्नवर असताना ती गेली. ताप फुप्फुसांत उतरला होता, त्याला सोडियमचा इलाज नव्हता. हे डॉक्टरांनी सांगितलं, सिस्टरने सांगितलं. काकांनी जाताना दर्शनाला फोन दाखवला. पडद्यावर अजून चौकट होती, आकड्याच्या जागी नुसती रेघ.

"चाल बरोबर होती हो तिची," ते म्हणाले. "सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं."

त्या दिवशी जितेशला पहिल्यांदा झटका आला. थोडकाच, पण दर्शनाच्या डोळ्यांदेखत. दात आवळलेले, डोळे वर. डॉक्टरांनी औषध दिलं, तो शांत झाला. आकडा एकशे बारा.

मंदाबाई मुकाट खाली गेली. पेजेची वाटी घेऊन वर आली तेव्हा तिच्या कमरेला प्लास्टिकची लहान बाटली खोचलेली होती. दर्शनाने ती लगेच ओळखली. मीठ धरायच्या आधी खाचरात जे दाट खारं पाणी उरतं, ते घरतांच्या घरात बाटलीत भरून ठेवलेलं असायचं. मिठागरावर ऊन लागून कोणी भोवळ येऊन पडला की त्यातलं चमचाभर लिंबूपाण्यात घालून पाजायचे. घाम गाळून सुकलेला माणूस उठून बसायचा. स्वतः जितेश लहानपणापासून कितीदा तरी असा उठून बसला होता. फक्त तेव्हा त्याच्या अंगातलं मीठ घामाने गेलेलं असायचं आणि आता तसं नव्हतं.

"आई, नको," दर्शना म्हणाली.

"कनाला नको?"

"डॉक्टरनी सांगितलंय ना. आठच्या वर नाय जायचा."

"ती बाजूची बाय आठानंच गेली." मंदाबाईचा आवाज चढला नाही, उलट बसला. "गो दर्शना, मना समजतंय सगला. कैरी समजतंय, पानी समजतंय. पन माजा पोऱ्या माज्या समोर मरतंय, नं मी त्याला अलनी पाजतंय. दोन चमचं. जास्त नाय. यंत्र हाय ना मोठा शाना, जास्त झाला तं करील कमी."

हे शेवटचं वाक्य दर्शनाला पटलं. त्याचं तिला पुढे सगळ्यात वाईट वाटलं, की भीतीने नव्हे, सासूच्या धाकाने नव्हे, तिला ते पटलं म्हणून तिने केलं. यंत्र आहेच की सांभाळायला. आणि त्याहून खरं म्हणजे, इतके दिवस नुसतं बघून ती थकली होती. काहीतरी करता येईल असं समोर आलं आणि तिचा हात आपोआप पुढे झाला. सिस्टरने वाटी काट्यावर ठेवली, वजन टिपलं आणि पलीकडच्या खाटेकडे वळली. काट्यावरची वाटी दर्शनाने उचलली आणि सासूपुढे धरली. मंदाबाईने बाटली तिरपी केली. चमचा कुठेच नव्हता.

जितेश प्यायला. एक घोट घेऊन थांबला, आईकडे बघितलं आणि उरलेलं सगळं प्यायला.

दुपारी आकडा एकशे सोळा झाला. गावचा ग्रुप भरून वाहायला लागला. 'घरतांची फटकेबाजी सुरू!', 'कॉमेंटरी लवकरच सुरू!' नणंदेने नारळ बोलला. मग आकडा अडखळला आणि उतरायला लागला. पंधरा. चौदा. यंत्राला वेग जास्त वाटला होता आणि त्याने गोडं पाणी सोडलं होतं, पण फोनवर ते दिसत नव्हतं. फोनवर नुसता उतरणारा आकडा दिसत होता. मंदाबाईने तो सुनेच्या खांद्यावरून बघितला आणि संध्याकाळच्या पेजेत बाटली जरा जास्त तिरपी केली.

यंत्र पाणी घालत होतं, या दोघी मीठ घालत होत्या. जितेशच्या अंगात दोन्ही बाजूंनी रस्सीखेच चालली होती आणि एका बाजूला दुसरी दिसत नव्हती. तेवढ्यात त्याचा रोगही वळला. संप्रेरकाचा पूर ओसरला, कोंडलेलं पाणी लघवीवाटे भराभरा सुटलं. आणि यंत्राने जो वेग आवरायचा, तो त्याच्या हातून निसटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जितेश उठून बसला. आकडा होता एकशे एकतीस.

"दर्शू," तो म्हणाला, "तू किती सुकलीस!" मग वॉर्डभर नजर फिरवून घसा खाकरला. "तं मंडली, घरतांचा ओपनर पुन्हा मैदानान आयलाय. आवशीनं अलनी पेज पाजून पाजून बॉलरला दमवला!" पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा खो खो हसला. मंदाबाईने पदर तोंडात कोंबला. दर्शना त्याच्या गळ्यात पडून रडली, आणि रडता रडता तिला वाटलं, आपण जिंकलो. कोणाला सांगता येणार नाही, पण आपण जिंकलो.

रेश्मा सिस्टर मात्र हसत नव्हती. ती पंपाच्या पडद्याकडे बघत होती. "ताई, यांना दुसरं काही दिलं का? नारळपाणी, इलेक्ट्रॉल, काहीही?"

"नाही," दर्शना म्हणाली. इतक्या सहज म्हणाली, की तिचं तिलाच नवल वाटलं.

तासाभरात डॉ. खोत आल्या. जितेशने त्यांनाही कॉमेंटरी ऐकवली. त्यांनी त्याचे हात दाबून बघितले, जीभ बाहेर काढायला लावली, आणि दर्शनाला बाहेर बोलावलं. मंदाबाई मागोमाग आली.

"काल सकाळी एकशे बारा. आज एकशे एकतीस. आठ नाही, एकोणीस चढलंय. यंत्र रात्रभर पाणी सोडतंय आणि तरी चढतंय."

"पण तो बोलतोय," दर्शना म्हणाली. "बसलाय. तुम्ही बघितलंत ना."

"बघितलं. असंच होतं. आधी माणूस छान जागा होतो. वेष्टण सोलायला तीन-चार दिवस लागतात." डॉक्टरांनी डोळे चोळले. त्याही थकलेल्या होत्या. "हे यंत्राच्या हिशेबाबाहेर कसं गेलं, मला कळत नाही. बिघाड असेल तर मला आत्ता या वॉर्डातली सगळी यंत्रं बंद करावी लागतील. अकरा जण आहेत आत. मग त्यांचं हातानेच करायचं, आणि तेवढी माणसं माझ्याकडे नाहीत."

दर्शनाने काचेतून आत बघितलं. जितेश पलीकडच्या म्हाताऱ्याला काहीतरी हातवारे करून सांगत होता.

"यंत्र नाही बिघडलं," ती म्हणाली.

मंदाबाईने तिचा दंड धरला. दर्शनाने सगळं सांगितलं. बाटली, वाटी, दोन वेळची पेज. बोलताना तिला वाटत होतं, आता या ओरडतील, पोलिसांना बोलावतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. डॉक्टर नुसत्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"गेल्या महिन्यात दुसऱ्या वॉर्डात एकाच्या भावाने बाहेरून सलाइन आणून लावलं," त्या म्हणाल्या. "एकीने पापड भिजवून भरवले. आकडा दाखवायला लागलो तेव्हापासून हे सुरू झालंय. कोणालाच बसवत नाही नुसतं." मग एकदम ताठ झाल्या. "आता तो आकडा खाली आणायचा. पुन्हा एकशे वीसच्या आसपास. वेळेत आणला तर कधी कधी वाचतात."

"कधी कधी म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही."

संप्रेरकाचं इंजेक्शन दिलं, पाणी सुरू झालं. आता बाकावर बसून दोघी आकडा उतरायची वाट बघू लागल्या. एकशे तीस. एकशे तीस. एकशे एकोणतीस. गावाला त्याचा काहीच पत्ता नव्हता. ग्रुपवर हाहाकार माजला. 'उतरतोय का?', 'डॉक्टर काय झोपलेत का?', 'पेशंट दुसरीकडे हलवा!' दुबईहून सारखे फोन. दर्शनाने एकही उचलला नाही. काय सांगणार होती? चढवला तोही आम्ही, आता उतरावा म्हणून नवस करतोय तोही आम्हीच?

"माज्यामुलं झाला काय गो?" मंदाबाईने विचारलं.

दर्शनाला वाटलं, नाही म्हणावं. म्हातारीचं काळीज फुटेल. "वाटी मी धरली होती आई," ती म्हणाली. "आपल्या दोघींमुळे." मंदाबाईने मान हलवली आणि सुनेचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. इतक्या वर्षांत तिने तसं कधी केलं नव्हतं.

आकडा एकशे एकवीसवर आला आणि मग यंत्राने त्याला पुन्हा आपल्या चालीने, आठ-आठने वर न्यायला घेतलं. तिसऱ्या दिवशी जितेशच्या बोलण्यात जडपणा आला. दारू प्यायल्यासारखं. तो त्यावरही विनोद करायला गेला आणि अर्ध्यात विनोद कुठे जाणार होता ते त्यालाच सांगता येईना. चौथ्या दिवशी पेज नाकातून परत आली. सिस्टरने नळी घातली. त्याच्यानंतर हात गेले, मग पाय, मग मान. आवाज सगळ्यात शेवटी गेला. दोन दिवस तो घशातून नुसता एक सूर काढत होता, कुत्र्याच्या पिल्लासारखा, आणि दर्शना कानांवर हात ठेवून वॉर्डाबाहेर पळत होती आणि लाज वाटून परत येत होती.

मग आकडा एकशे सदतीस झाला. लाल चौकट हिरवी झाली. 'समतोल'ने आपण होऊन सगळ्या नातेवाइकांना निरोप पाठवला: अभिनंदन, आपल्या रुग्णाची पातळी योग्य आहे. खारबेडीत फटाके वाजले. क्रिकेटच्या पोरांनी पेढ्यांचा बॉक्स पाठवून दिला, वर चिठ्ठी: 'कॉमेंटेटर, माईक तयार आहे.' दर्शनाने तो बॉक्स सिस्टरच्या टेबलावर ठेवला. रेश्मा सिस्टरने तो न उघडता कपाटात टाकला.

डॉ. खोत त्या दिवशी बराच वेळ जितेशच्या खाटेजवळ वाकून उभ्या होत्या. "आत आहेत ते," त्या शेवटी म्हणाल्या. "पूर्ण शुद्धीवर. ऐकू येतं, समजतं. फक्त डोळे हलतात. काही जणांचं थोडंफार परत येतं. वर्ष लागतं, दोन लागतात. काहींचं येत नाही."

"आता काय करायचं?" दर्शनाने विचारलं.

"बोला त्यांच्याशी." डॉक्टरांकडेही दुसरं काही नव्हतं.

सिस्टरने जितेशला आणि त्या दोघींना शिकवलं. डोळे एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. मंदाबाईने त्याच्या चेहऱ्यावर चेहरा नेला. "जितू, वलखतंस काय मना?"

जितेशने डोळे मिटले, उघडले. एकदा. मंदाबाई हमसून हमसून रडली. "पाठ दुखतेय काय?" दोनदा. "पंखा लावू?" एकदा. किती साध्या साध्या गोष्टी विचारत होती ती, आणि प्रत्येक उत्तराला त्याच्या गालावरून हात फिरवत होती. मग बाहेर तिची मुलगी आली होती, तिला सांगायला गेली.

दर्शना एकटी राहिली. तिने खुर्ची पुढे ओढली. त्याचे डोळे तिच्याकडे होते, तेच मिस्कील डोळे, भोवतालच्या चेहऱ्यात काहीच हलत नव्हतं.

"जितेश," ती म्हणाली, "त्या दिवशी पेजेत आम्ही खारं पाणी घातलं होतं. मीही होते त्यात. तुला कळलं होतं का?"

एकदा.

"कळलं होतं, आणि तरी प्यायलास?"

एकदा. मिठागरावर वाढलेल्या माणसाला ती चव न कळून कसं चालेल! आईच्या हातची होती म्हणून तो प्यायला, बायको शेजारी उभी होती म्हणून प्यायला. दर्शनाने जे विचारायला नको होतं तेच विचारलं.

"माझा राग आलाय तुला?"

जितेशने डोळे मिटले.

ती थांबली. डोळे उघडले नाहीत. तिने हाक मारली, खांदा हलवला. पापण्या थरथरल्याही नाहीत. पलीकडून जाताना रेश्मा सिस्टर म्हणाली, "थकून झोपले असतील, ताई. राहू दे आता." दर्शनाने मान डोलावली, पण ती उठली नाही. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली, सासू दारातून बोलवायला आली, तरी ती त्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत बसून राहिली, ते उघडून आणखी एकदा मिटतात का याची वाट बघत.